उभ्या घोड्याचं माप पुरत नाही

आमच्या वाडीतल्या एका पोराने मिठमुंबरीच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना फिरवायला घाटावरून तांबडी घोडी आणली. देवगडात घोडं म्हणजे अपूर्वाईच. जांभ्याचे सडे, चढ-उताराच्या पाणंदी आणि खाड्या; इथे ओझं वाहिलं ते बैलांनी आणि होड्यांनी. घोडीची निगा सांगणारं वाडीत कुणी नव्हतं. माझी नोकरी सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये झाली हे मात्र सगळ्यांना ठाऊक. पाऊस लागल्यावर एका सकाळी तो दारात आला. "काका, घोडी भिंतीक अंग घासता. जरा येवन बघशात?"

गोठ्यात घोडीच्या पाठीवर जुनी गोधडी, तिच्यावर निळी ताडपत्री आणि पोटाखालून आवळलेली नायलॉनची दोरी. गाठ नेमकी पाठीच्या कण्यावर. "पावसात भिजता, म्हणान बांधलंय," तो म्हणाला. मायेने केलेलं होतं, हे दिसतच होतं. दोरी सोडून ताडपत्री उचलली तसा आतून कोंदट, ऊबट वास आला. गोधडी खालून ओलीचिंब, आणि ते पाणी पावसाचं नव्हतं, घामाचं होतं. पाठीवर बोट फिरवलं तर खपल्या लागल्या. एक खपली हलकेच उचलली, तर केसांचा झुपका मुळासकट तिच्याबरोबर आला. खाली गुलाबी, ओलसर कातडी. डर्मॅटोफिलस नावाचे जंतू हे करतात. कातडी सतत ओली राहिली की त्यांचं फावतं. पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टरांना बोलावलं, औषध सुरू झालं. पण पांघरूण कसं घालायचं हे त्याला शिकवल्याशिवाय त्या औषधाचा उपयोग नव्हता.

मी झूल घालायला शिकलो मेरठला. आमची कोअर 1779 सालची. 14 डिसेंबर हा तिचा स्थापना दिवस, आणि तिकडे तो येतो नेमका हाडं गोठवणाऱ्या थंडीत. केस कातरलेल्या घोड्यांना तिथे झूल लागतेच. आमचे उस्ताद आधी हाताने खरारा करायला लावत आणि झूल झटकून दाखवायला लावत. आत अडकलेली एक काडीसुद्धा रात्रभरात कातडी सोलते, हे ते घोड्याच्या अंगावर दाखवून देत.

झूल उलगडत मागून टाकायची नाही. तिची घडी घालून घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभं राहायचं, घोडा मोरकीला धरलेला असावा. मानेच्या मुळाशी खांद्यांच्या वर जो उंचवटा असतो, त्याच्याही थोडी पुढे घडी ठेवायची आणि उलगडत मागे न्यायची. मग सबंध झूल केसांच्या दिशेने मागे सरकवायची. जास्त मागे गेली तर पुढे ओढायची नाही, कारण केस उलटे होऊन खाली दबतात आणि घोडा रात्रभर बेचैन राहतो. उचलायची आणि पुन्हा पुढून घालायची. हा कंटाळा कुणी केला की उस्ताद त्याला स्वतःचा सदरा उलट्या हाताने घासायला लावत.

छातीचं बक्कल पहिलं, मग पोटाचे पट्टे, सगळ्यात शेवटी मागच्या मांड्यांचे. सोडताना बरोबर उलटं. मांडीचे पट्टे अडकलेले असताना पुढचं बक्कल सुटलं आणि घोडा बुजला, तर झूल मागच्या पायांत गुंतते आणि मग त्याला आवरणं कुणाच्या हातात राहत नाही. मांडीचा एक पट्टा दुसऱ्याच्या फासातून ओवायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांना मध्ये धरून ठेवतात आणि मांडीला घासत नाहीत. कड्यांचं तोंड आतल्या बाजूला, घोड्याच्या अंगाकडे. बाहेरच्या बाजूला असेल तर ती जाळीत, दोरीत, कशातही अडकते. पोटाचा पट्टा आणि पोट यांच्यात आडवा पंजा जावा. त्याहून ढिला राहिला तर आडवा पडून उठताना खूर त्यात शिरतो.

एवढं झालं तरी काम अर्धंच. उभ्या घोड्यावर कुठलीही झूल बरी दिसते. त्याने चरायला मान खाली घातली, अंग वळवून माशी हाकलली, झोपून उठला, की खरं कळतं. म्हणून मूठभर हिरवा चारा घ्यायचा आणि त्याच्या मागे त्याला मान खाली न्यायला लावायची, दोन्ही बाजूंना वळवायची. छातीच्या बक्कलाने गळा दाबला जातोय का, खांद्यापाशी कापड ताणलं जातंय का, त्या उंचवट्यावर भार येतोय का, हे हात आत सरकवून बघायचं. या घोडीच्या उंचवट्यावर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. पोराला ती जन्मखूण वाटली होती. पूर्वीच्या धन्याकडे तिथे काहीतरी दीर्घकाळ दाबत राहिलेलं. दाबाने केसांना रंग देणाऱ्या पेशी मेल्या की त्या जागी केस पांढरेच उगवतात.

मात्र मेरठचं सगळं देवगडात जसंच्या तसं चालवायचं नाही, असं माझं ठाम मत आहे. हवेला सरावलेल्या घोड्याला साधारण 5 ते 25 अंश सेल्सियस तापमान सोसतं. आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटेही पारा 5 अंशांच्या जवळपास जात नाही. इथे गरज उबेची नाही, कोरडेपणाची आहे. गोठ्याचं छप्पर गळत नसेल आणि वारा खेळता असेल तर उघडी पाठच उत्तम. घोडी भिजून आली तर पाणी निपटून काढायचं, पाठीवर भाताचा सुका पेंढा पसरायचा आणि वरून विरळ विणीचं गोणपाट. पेंढ्यातून हवा फिरते, वाफ बाहेर पडते, पाठ सुकते. सुकली की सगळं काढायचं. कमरेवर प्लास्टिक नको म्हणजे नकोच.

पोराला ते पटलं. किनाऱ्यावरच्या माशांसाठी तरी हलकं काही हवं होतं, म्हणून माप घेतलं: छातीच्या मध्यापासून बाजूने पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत, पावणेसहा फूट. बंदरावर जाळी शिवणाऱ्या एका बाईंनी सुती कापडाची झूल शिवून दिली. खांद्यापाशी मी त्यांना चुण्या घालायला लावल्या, म्हणजे पाय पुढे टाकायला जागा राहते. शेपटीखालून जाणारी दोरी त्यांना उगाचची वाटली. देवगडात पवनचक्क्या ज्या वाऱ्यासाठी उभारल्या, तो वारा मागून झुलीत शिरला की ती शिडासारखी फुगते आणि घोडी उधळते, हे सांगितल्यावर त्यांनी ती दुहेरी विणून दिली.

खपल्या सुकल्या, नवे केस आले. पोरगा आता रोज झूल काढून पाठीवरून हात फिरवतो, कानांच्या मुळाशी घाम आहे का बघतो. पावसानंतर पाहुणे येतील तेव्हा तिच्यावर खोगीर चढेल. ते आम्ही मागच्या आठवड्यात चढवून पाहिलं. पुढून त्या पांढऱ्या ठिपक्यावरच टेकतंय. सावंतवाडीला कातड्याचं काम करणारं कुणी मिळतं का, याची चौकशी लावली आहे. तोवर घोडी मोकळी चरेल.