अनुरूप जोडी

आमचा पुतण्या टेक्सासांत असतो. त्याची शेव्हरोले सिल्व्हरॅडो, ५.३ लिटर एंजिनाची पिकअप, सुटीच्या दिवशीं ट्रेलर ओढते आणि रोज मुलांस शाळेंत पोंचविते. तिचा जोर वाढविण्यासाठीं नवा कॅमशाफ्ट व टॉर्क कन्व्हर्टर घालावा, असें त्याच्या मनानें घेतलें व त्यानें आमचें मत विचारिलें. आम्ही यंत्रज्ञ नव्हे. परंतु जन्मभर व्याकरण शिकविल्यामुळें दोन पदांचा अन्वय लागतो कीं नाहीं, हें पाहण्याची आम्हांस संवय आहे.

एंजिनाच्या झडपा केव्हां व किती उघडावयाच्या, तें कॅमशाफ्ट ठरवितो. त्या अधिक वेळ उघड्या राहिल्या तर वरच्या फेऱ्यांत शक्ति वाढते, पण खालच्या फेऱ्यांत ओढ घटते. टॉर्क कन्व्हर्टर हा एंजिन व गिअरपेटी यांमधील तेलाचा दुवा. उग्र कॅमास, मिनिटास सुमारें ३००० फेऱ्यांपर्यंत एंजिनास मोकळीक देणारा सैल कन्व्हर्टर लागतो. मात्र ह्या सैलपणानें तेल तापतें, ओझ्यानें अधिकच. आणि तापलेलें तेल गिअरपेटीचें आयुष्य खातें.

म्हणून आम्हीं लिहिलें : "आधीं गाडीचें कार्य ठरव. तुझ्या कार्यास सौम्य कॅम, त्यास साजेशा झडपांच्या स्प्रिंगा, मूळच्याहून किंचितच सैल व स्थिर वेगांत लॉक होणारा कन्व्हर्टर आणि तेलास स्वतंत्र कूलर, एवढें पुरे."

ज्या घरीं असा हौशी तरुण असेल, तेथील वडीलधाऱ्यांनीं त्याच्या हौसेस नांवें ठेवूं नयेत. मात्र ओझें कोणतें व गाडींत कोण बसणार, हे दोन प्रश्न त्यास अवश्य विचारावे.