उतरती वाफ

विजेच्या प्रेशर कुकरला शून्य मिनिटं सांगता येतात. बटण दाबत गेलं की आकडा पाच, चार, तीन, दोन करत शून्यावर येतो, आणि भांडं ते मान्य करून तापायला लागतं. ओटावाला भाचीच्या स्वयंपाकघरात मी हे पाहिलं आणि ते शून्य माझ्या डोक्यातून जाईना. त्या शून्यात ब्रोकोली शिजते, मासा शिजतो. घड्याळाच्या लेखी वेळ लागलेलाच नसतो, आणि ताटात शिजलेलं अन्न येतं.

उलगडा सोपा आहे. आधी पाणी तापतं, वाफ कोंडते, दाब चढतो. या सगळ्याला आठ-दहा मिनिटं जातात, ती कुणी धरत नाही. दाब भरल्यावर मोजणी सुरू होते. मोजणी संपल्यावर दाब उतरायलाही वेळ लागतो, तोही हिशेबात नाही. म्हणजे कृतीत लिहिलेली मिनिटं हा शिजण्याचा मधला तुकडा. चढती वाफ आणि उतरती वाफ आपलं काम करत असतात, त्यांची नोंद कुठेच नसते. अन्नाला मात्र तिन्ही सारखेच लागू पडतात.

भाची दर रविवारी आठवड्याच्या डब्यांसाठी चिकन ब्रेस्ट शिजवते. तळाशी कपभर पाणी, त्यात जाळी ठेवायची, जाळीवर मीठ-मिरी-लसूण चोळलेले तुकडे एकाशेजारी एक. एकावर एक रचायचे नाहीत. जाड असतील तर सहा मिनिटं, पातळ असतील तर चार. मी तुकडा हातात घेऊन वजनाचा अंदाज घेत होते तर म्हणाली, "मावशी, वजन नको बघूस, जाडी बघ." अगदी खरं आहे. उष्णता बाहेरून आत झिरपत जाते, आणि जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत पोचायला तिला चौपट वेळ लागतो. जाळीवर दोन तुकडे असोत की चार, भांडं तापायला थोडा जास्त वेळ घेईल. पण प्रत्येक तुकड्याला आपल्या मध्यापर्यंतचा प्रवास तेवढाच.

छातीचं मांस मुळात नाजूक. कोंबडी दिवसभर चालते, उकरते, उभी राहते, ते सगळं पायांवर. उडते ती क्वचित, आणि तीही घाबरून, भिंतीपर्यंत. त्या क्षणभराच्या फडफडीसाठी बनलेला हा स्नायू आहे. त्याला प्राणवायू साठवून ठेवायची फारशी गरज नसते, म्हणून तो पांढरा. त्याला बांधून ठेवणारे चिवट धागेही कमी. तंगडीत ते भरपूर असतात; बराच वेळ उष्णता मिळाली की ते विरघळतात आणि मांसाला ओलसर, चिकट गोडी येते. छातीत विरघळायला फारसं काही नाहीच. तिचे तंतू पन्नास अंशांच्या आसपास आवळायला लागतात, पासष्टच्या पुढे जोरात पिळले जातात, आणि आतलं पाणी बाहेर पडतं. सुरक्षित म्हणून सांगितला जाणारा आकडा ७४ अंशांचा. भांड्यातल्या वाफेचं तापमान ११५च्या आसपास. म्हणजे ७४वर थांबायला हवं असलेल्या वस्तूला आपण ११५च्या खोलीत बसवतो. एवढ्या अंतरात बिघडायला भरपूर जागा आहे, म्हणून तर ब्रेस्ट चोथा झाल्याची तक्रार इतकी ऐकू येते.

सगळी मदार शेवटच्या टप्प्यावर असते. मोजणी संपली की भाची भांड्यापासून दूर जाते. झाकणावरची चकती फिरवली तर वाफ फुस्सकन निघून जाईल आणि भांडं लगेच उघडता येईल, पण ती फिरवत नाही. कारण तुकड्याचा बाहेरचा थर त्या वेळी शंभराच्या वर गेलेला असतो; आतलं पाणी उकळत नाही ते केवळ दाबामुळे. दाब एकदम काढला की ते पाणी जागच्या जागी उकळतं आणि वाफ होऊन रस ढकलत बाहेर पडतं. मटार असो की बटाटा, त्यांना हे चालतं. छातीच्या मांसाला चालत नाही. दहा मिनिटं थांबलं की दाब आपसूक उतरतो, बाहेरच्या थराची जादा उष्णता हळूहळू मध्याकडे सरकते, आणि जे शिजायचं राहिलंय ते या उतरत्या उष्णतेवर शिजतं. मला स्वयंपाकातला हा भाग सगळ्यात आवडतो. भाताची वाफ जिरू देणं, पुरणाचं निवणं, लोणचं मुरणं. आच बंद झाल्यावरचं शिजणं. चांगला स्वयंपाक कुणाला येतो हे मी चुलीपाशी बघत नाही, चूल बंद केल्यानंतर बघते.

हे भांडं याच शहरातलं. रॉबर्ट वँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ओटावातून 'इन्स्टंट पॉट' बाजारात आणलं, आणि परदेशातल्या मराठी घरांत ते इतकं रुळलं की आता त्यात वरण, भात, साबुदाणा, दही सगळं होतं. पण त्याचं मूळ शोधायला फार मागे, १६७९च्या लंडनमध्ये जावं लागतं. दनी पापँ हा तिथला फ्रेंच माणूस. ब्लूआजवळ १६४७ला जन्मलेला, शिकलेला वैद्यकी, पण जीव यंत्रांत. पॅरिसमध्ये त्याने क्रिस्तियान हॉयगेन्सच्या हाताखाली काम केलं, ज्याने लंबकाचं घड्याळ बनवलं त्याच्या. मग लंडनला रॉबर्ट बॉइलबरोबर. तिथे रॉयल सोसायटीपुढे त्याने एक जाड धातूचं भांडं मांडलं, घट्ट आवळलेल्या झाकणाचं. त्यात हाडं शिजत. मांसही, पण मुख्यतः हाडं. लोक जी फेकून देतात, कुत्र्यांपुढे टाकतात, त्यांत पोषण आहे आणि ते थोड्या कोळशावर काढता येईल, गरिबांच्या पोटात जाईल, असा त्याचा ध्यास होता. १६८१ला त्याने त्यावर पुस्तक काढलं, आणि त्याचा विषय नावातच होता: हाडं मऊ करणारं यंत्र.

भांडं फुटू नये म्हणून त्याने झाकणाला भोक ठेवलं, त्यावर झडप, झडपेवर तरफ आणि तरफेला वजन. वाफेचा जोर वजनाहून वाढला की झडप उचलली जाई. आपल्या घरच्या कुकरच्या शिट्टीच्या वजनाचं कूळ हेच. पण त्याच्या एका युक्तीने मला जास्त वेड लावलं. आतली उष्णता किती झाली हे त्याला कळायला हवं होतं, आणि भांड्यात घालायला तापमापी नव्हती. तेव्हा तो झाकणाच्या खळगीत पाण्याचा एक थेंब टाकी आणि शेजारी लंबक सोडी. थेंब उडून जाईपर्यंत लंबकाचे झोके मोजायचे. झोके कमी तर आच जास्त. हॉयगेन्सच्या शिष्याला शोभेल असंच. पुढ्यात झाकलेलं भांडं, आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि हा माणूस एका थेंबाचं आयुष्य मोजत उभा आहे. आमच्याकडे तव्यावर पाणी शिंपडून घावनाचा अंदाज घेणाऱ्या बायकांना त्याचं मन लगेच कळलं असतं.

१२ एप्रिल १६८२ला सोसायटीतल्या मंडळींनी पापँच्या भांड्यांत शिजलेलं जेवण घेतलं. जॉन एव्हलिन त्या पंगतीत होता, आणि त्याने घरी येऊन रोजनिशीत सगळं टिपलं. गाईबैलांची आणि मेंढीची टणक हाडं चीजसारखी मऊ झालेली. कोळसा लागला आठ औंसांहून कमी, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आत. माशांचे काटेही खाल्ले, कुठे अडले नाहीत. हाडांची नितळ जेली शेवटी आली, तशी त्याने कधी चाखली नव्हती. पण सगळ्यांत सरस ठरली ती कबुतरं, स्वतःच्याच रसात शिजलेली. मंडळी खूश होती, हास्यविनोद चालला होता. आणि एव्हलिनने त्या जेलीचा एक पेला घरी बायकोला पाठवला. विद्वानांच्या पंगतीत बसून ज्याला घरची आठवण होते, त्या माणसाबद्दल मला माया वाटते.

पापँला मात्र घर उरलं नाही. तो प्रोटेस्टंट होता. १६८५ला फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांचं संरक्षण रद्द झालं आणि परतीची वाट बंद झाली. जर्मनीत मारबुर्गला गणित शिकवलं, लायब्नित्सशी पत्रव्यवहार केला. झाकण उचलणारी वाफ दट्ट्याही उचलेल, हा विचार त्याने १६९०ला मांडला. वाफेच्या इंजिनाची सुरुवात या हाडांच्या भांड्यातून झाली. १७०७ला चाकांनी चालणाऱ्या होडीतून तो नदीवाटे निघाला, तर वाटेतल्या म्युंडेनच्या नावाड्यांनी आपल्या हक्कावर गदा येते म्हणून ती होडी मोडून टाकली. लंडनला पोचला तेव्हा ओळखीचे फार थोडे उरले होते. शेवटची वर्षं हलाखीत गेली. हाडातून गरिबांचं जेवण काढणाऱ्याला स्वतःच्या जेवणाची भ्रांत पडावी, हे वाचताना गलबलतं.

त्या पंगतीतली कबुतरं का जिंकली असतील? कबुतराची छाती लालसर-काळपट असते, कारण ते खरोखर उडतं, तासन्‌तास. राबलेला स्नायू प्रखर वाफेतही चव टिकवून धरतो, असं माझं मत. आजच्या कोंबडीच्या छातीला तसं राबायची संधीच मिळत नाही. ती फक्त वाढते. अमेरिकेत १९४८ला 'उद्याची कोंबडी' नावाची स्पर्धा झाली होती, रुंद छातीच्या पक्ष्यासाठी. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने पुढे १९५७च्या आणि २००५च्या वाणाच्या कोंबड्या एकाच खाद्यावर वाढवून पाहिल्या. छप्पन्न दिवसांची जुनी कोंबडी भरली ९०५ ग्रॅम, नवी ४२०२ ग्रॅम. त्यात छातीचा वाटा मोठा. उत्तर अमेरिकेला छातीच हवी होती, बिनहाडाची, बिनकातडीची. मग तंगड्या उरायला लागल्या. १९९०पासून त्या जहाजं भरभरून रशियात गेल्या, आणि तिथल्या लोकांनी अमेरिकी अध्यक्षांच्या नावावरून त्यांना 'बुशच्या तंगड्या' म्हटलं. एकाच पक्ष्याचे दोन भाग दोन खंडांत जेवले गेले.

आणि हाडांसाठी जन्मलेल्या भांड्यात आता हाड काढून टाकलेला तुकडा शिजतो. मला यात भाचीला काही बोलायचं नाही. नोकरी, लहान मूल, उणे वीसमधला जाता-येताचा प्रवास. दोन काट्यांनी सुटं केलेलं ते मांस पाच दिवसांचे डबे सांभाळतं, कधी भाकरीसोबत कांदा-लिंबू घालून, कधी पोह्यात. थांबून शिजवलेलं असतं म्हणून ते रसाळ असतं, मी आवडीने खाल्लं. पण मी कोल्हापूरची. आमच्याकडे कोंबडी हळद-मीठ-आलं-लसणावर शिजली की मसाला पडायच्या आधी अळणी पाणी वाटीत काढून मुलांना मिळायचं, आणि नळी कुणाच्या ताटात जाणार यावर भांडणं व्हायची. हाडाला लागून असलेलं मांस गोड, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.

म्हणून मी दुकानातून कोंबडीच्या पाठी आणि माना आणल्या. इथे त्या ब्रेस्टच्या मानाने फारच स्वस्त. भांड्यात टाकल्या, पाणी, आलं, लसूण, दालचिनी, चार लवंगा. मिनिटं भरपूर दिली. इथे हात आखडायचं कारण नाही, हाड जितकं देईल तितकं घ्यावं. रात्री फ्रिजमध्ये ठेवलं ते सकाळी थरथरत होतं, एव्हलिनने पेल्यातून पाठवलं असेल तसं. त्याचा पांढरा रस्सा केला: खसखस, तीळ, काजू भिजवून गुळगुळीत वाटलेले, पांढरी मिरी. भाची म्हणाली, नारळाचं दूध डब्यातलं आहे, आत्ताच ओत आणि झाकण लाव. मी ऐकलं नाही. नारळाचं दूध दाबाखाली घालायचं नसतं, फाटतं. रस्सा उतरवल्यावर, उकळी पूर्ण बसल्यावर घालायचं आणि ढवळत राहायचं. डब्याचं दूध चालेल का यावर आमचं एकमत झालं नाही. माझं म्हणणं, ओटावात नारळ मिळतो, तो फोडावा.