शंख ज्याच्या हाती

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या घरात दोन वास दरवळत असतात. एक भाजणीचा आणि दुसरा खळीचा. भाजणी चकल्यांसाठी आणि खळ आकाशकंदिलासाठी. यंदा मात्र खळीचा वास भाजणीला हटवून वर उरला आहे. ओटीवर वाचनालयाच्या फाटक्या पुस्तकांची चळत पडली आहे आणि सात-आठ मुले मांडी ठोकून पाने डकवीत बसली आहेत. ही पुस्तके आमच्या ओटीवर कशी आली, त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. तीत माझी फजिती आहे; पण सणासुदीला दुसऱ्याची फजिती सांगण्यापेक्षा स्वतःची सांगितलेली बरी.

मी बालवाडीची बाई. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, म्हणजे हल्लीच्या भाषेत दहावी. तीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, त्यामुळे गावात थोडा मान आहे. आणि त्या मानापोटीच गावच्या वाचनालयाचे कार्यवाहपद माझ्या गळ्यात पडले आहे. गाव समुद्रकाठचे. वाचनालय 'ब' वर्गातले. इमारत कौलारू, कपाटे भक्कम आणि सभासद हट्टी.

बालवाडीत मी गेली वीस वर्षे एक खेळ घेते. मुलांना गोलात बसवायचे आणि मध्ये एक शंख ठेवायचा. आमच्याच किनाऱ्यावर सापडलेला, मुठीत मावेल एवढा. ज्याच्या हातात शंख, त्याने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. बोलून झाले की शंख शेजाऱ्याला द्यायचा. वाचायला हा खेळ सोपा वाटतो, पण चार वर्षांच्या मुलाला गप्प राहणे म्हणजे उपासापेक्षा कठीण. पहिल्या आठवड्यात रडारड होते. दिवाळीच्या सुमारास मात्र ती एकमेकांचे ऐकू लागतात. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला जाऊन बालशिक्षण खेड्यातल्या अंगणापर्यंत नेले; त्यांच्या त्या मोठ्या कामापुढे माझा शंख तो केवढा! तरी त्याचा मला अभिमान आहे. आणि माझी स्वतःची थोरली याच गोलात बसून बोलायला शिकली, याचा तर विशेषच.

थोरली आता एकोणीस वर्षांची आहे. महाविद्यालयात जाते, वादविवाद स्पर्धांतून ढाली आणते. त्या ढाली मी दिवाणखान्यात अशा मांडून ठेवल्या आहेत की पाहुण्याने पाण्याचा पेला उचलला तरी त्या दिसाव्यात. अठरा वर्षे पूर्ण होताच तिने वाचनालयाची सभासद-वर्गणी स्वतःच्या नावाने भरली. मी पेढे वाटले. त्या पेढ्यांची किंमत पुढे मोजावी लागेल, हे तेव्हा कुठे ठाऊक होते?

सप्टेंबरात वाचनालयाची वार्षिक सभा भरली. बालविभागातली ४३ पुस्तके वर्षभरात नाहीशी किंवा निकामी झाली होती. म्हणून मी ठराव मांडला की, चौदा वर्षांखालील मुलांकडून दोनशे रुपये अनामत घ्यावी आणि आई किंवा वडील बरोबर असल्याखेरीज पुस्तक देऊ नये. ठराव मला अगदी बिनतोड वाटत होता. चार-पाच जुन्या सभासदांनी माना डोलावल्या. इतक्यात मागच्या बाकावरून थोरली उठली.

"कार्यवाहांची काळजी खरी आहे," तिने सुरुवात केली. "पुस्तकं कमी झाली आहेत, आणि नवी घ्यायला पैसे नाहीत. काहीतरी करायलाच हवं, हे मलाही मान्य आहे."

माझी बाजू तिने माझ्यापेक्षा नीट मांडली. मी खूष झाले. पुढचे वाक्य ऐकेपर्यंत.

"पण मी नोंदवही पाहिली. त्रेचाळीसांपैकी अकरा पुस्तकांची बांधणी जुनी होऊन सुटली आहे. अठरा पुस्तकं मोठ्या सभासदांनी घरी नेली, ती परतच आलेली नाहीत. आठांचा पत्ता लागत नाही. मुलांनी फाडलेली म्हणावीत अशी फक्त सहा आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "त्या अठरांतली दोन आमच्याच घरी आहेत."

सभेत हशा पिकला. ती पुढे सांगत होती की, कोळीवाड्यातली मुले दुपारी येतात, तेव्हा त्यांचे वडील होडीवर असतात आणि आया बाजारात मासळी विकत असतात. त्या मुलांबरोबर येणार कोण? आणि दोनशे रुपये आणणार कुठून?

मुद्दा रास्त होता. पण त्या क्षणी माझ्या कानात मुद्दा शिरतच नव्हता. शिरत होते ते हसणे. मी ताडकन उठले आणि म्हणाले, "कालपर्यंत माझ्याकडून नाक पुसून घेत होतीस, आणि आज मला हिशेब शिकवतेस?"

पुन्हा हशा झाला. या खेपेला तो तिच्यावर होता. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मला वाटले, आता ही रडेल, नाहीतर फणकाऱ्याने निघून जाईल. ती क्षणभर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, शंख माझ्या हातात आहे."

घरात ती मला 'आई' म्हणते. 'बाई' ही हाक बालवाडीतली. तो शंख काय, ते सभेतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होते, कारण त्यांची मुले त्याच गोलातून गेली होती. कोणी हसले नाही. मी खाली बसले.

तिने आपले म्हणणे पूर्ण केले. एका वृद्ध सभासदांनी "पोरांना हल्ली तोंड फार फुटलंय," असा शेरा मारला, तेव्हा "आजोबा, तुमचं झालं की मी बोलते," एवढेच म्हणून ती थांबली. मतदान झाले. माझा ठराव १४ विरुद्ध २७ मतांनी पडला. उशिराचा दंडही माफ करावा, ही तिची सूचना मात्र सभेने फेटाळली. फाटकी पुस्तके मुलांनीच दर रविवारी दुरुस्त करावीत, असे ठरले. घरी येताना हे म्हणाले, "घरातली दोन पुस्तकं उद्या सकाळी परत नेऊन दे बरं." मी उत्तर दिले नाही.

रात्री झोप लागेना. आपल्याकडे मतभेदांची परंपरा काही थोडीथोडकी नाही. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले, आणि पुढे आधी राजकीय की आधी सामाजिक या वादात इतके दुरावले की आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. दोघांची भाषा नेहमी मवाळ होती असे मुळीच नाही. तरी १८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. वाद होता, पण माणूस वादापेक्षा मोठा होता.

त्याहून मला आठवत राहिले ते डॉ. आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतले भाषण. घटनेच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या होत्या; त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एवढ्यांना उत्तरे देताना कोणाचाही जीव मेटाकुटीला यावा. पण त्या भाषणात बाबासाहेबांनी ज्यांचे आभार मानले, त्यांत सतत दुरुस्त्या मांडणारे कामत होते, आमच्या विदर्भातले पंजाबराव देशमुख होते, के. टी. शहा होते, कुंझरू होते. त्यांच्या सूचना मला स्वीकारता आल्या नाहीत, म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, अशा आशयाचे ते बोलले. सगळ्यांनीच मुकाट मान डोलावली असती, तर समितीचे काम नीरस झाले असते, हेही त्यांनी सांगितले. देशाची घटना लिहिणारा माणूस विरोधकांचे आभार मानतो. आणि मी, एका कौलारू वाचनालयाची कार्यवाह, पोटच्या पोरीचे नाक काढते!

आपण मुलांना बोलायला शिकवतो. श्लोक पाठ करून घेतो, भाषणे घोकून घेतो, टाळ्या वाजवतो. पण त्यांनी बोललेले आपल्यावरच उलटले म्हणजे ते ऐकून कसे घ्यायचे, हे आपल्याला कोण शिकवणार? दूरचित्रवाणीवर चौघे जण एकाच वेळी ओरडताना पाहून मी नाक मुरडत असे. त्या रात्री मला कळले की, पाचवी खुर्ची मिळाली असती तर मीही त्यांतलीच.

दुसऱ्या दिवशी इतिवृत्त लिहायला बसले. ते कार्यवाहाचेच काम. ठराव, चर्चा, मतांची संख्या असे सगळे लिहिले. नाकाचे वाक्य तेवढे गाळले. असली वाक्ये इतिवृत्तात कोण लिहितो? थोरली चहा घेऊन आली, तिने वही वाचली, आणि "अक्षर छान आलंय," म्हणून निघून गेली. तिने एवढे म्हटले नसते तर बरे झाले असते.

संध्याकाळी मी वही पुन्हा उघडली आणि खाली लिहिले: 'चर्चेच्या ओघात कार्यवाहांनी एका सभासदाबद्दल वैयक्तिक उद्गार काढले. त्याबद्दल त्या दिलगिरी व्यक्त करीत आहेत. नोंदवही तपासून माहिती पुरविल्याबद्दल सदर सभासदाचे आभार.' पुढच्या बैठकीत ते मोठ्याने वाचून दाखवताना माझा आवाज जरा कापला. वृद्ध सभासदांनी चष्मा काढून पुसला आणि, "लिहून राहू द्या," एवढेच म्हणाले. आठवड्याने त्यांच्या घरून वाचनालयाची तीन पुस्तके परत आली.

तेव्हापासून रविवारी ओटीवर खळ शिजते. कोळीवाड्यातली एक चिमुरडी पुस्तक डकवायचे सोडून वाचतच बसते, तिला कोणी रागावत नाही. आत्ता हे लिहीत असताना आतून थोरलीचा आवाज येतो आहे. भाजणीत धने कमी पडले, असे तिचे मत आहे. माझे मत तसे नाही. पण तिचे बोलणे अजून संपलेले नाही, म्हणून मी थांबले आहे.