तौलिया आणि ठिबक

सफरचंदाच्या झाडाभोवतीच्या आळ्यास शिमल्याकडील बागवान 'तौलिया' म्हणतात. नवख्यास अंगपुसण्याची आठवण व्हावी असा हा शब्द. पण जुन्या बागेचे सारे पाटबंधारे खाते त्यात सामावलेले आहे. हिवाळ्यात तौलिया खणावयाचा, त्यात शेणखत घालावयाचे आणि वर बर्फ पडू द्यावयाचे. ते वितळेल तसे पाणी मुळाशी मुरते. सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ साली कोटगढास अमेरिकेतील रेड डिलिशसची कलमे लावली, त्यानंतरच्या पिढ्या या रीतीवर जगल्या. बियांच्या खुंटावरील ही झाडे वीस-पंचवीस फुटांवर उभी, मुळे खोल. फळास आठ-दहा वर्षे लावतात खरी, पण धनी महिनाभर विसरला तरी रागावत नाहीत.

आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याच्या घरी, कोटखाईकडे, याच झाडांवरून बापलेकांत वाद पडला. लेकास एम-९ खुंटावरील ठेंगणी झाडे हवी होती: ओळींत तीन मीटर, झाडांत एक मीटर. जुन्या बागेत हेक्टरी पावणेतीनशे झाडे, तर येथे ३३३३; आणि फळ तिसऱ्या वर्षी! मात्र मूळ असे उथळ की झाड तारेच्या आधाराविना उभे राहत नाही आणि थोड्याशा उन्हाने कोमेजते. त्यातून बर्फाचा भरवसा उरलेला नाही; शिमल्यात २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला. तेव्हा ठिबक आले. आम्ही पडलो रावेरकडचे, केळीत ठिबकच्या नळ्या ओलांडीत शाळेत गेलेले. साहजिकच पंच म्हणून आमची नेमणूक झाली.

डोंगरात एक सोय आहे. टाकी वरच्या अंगास बांधली की पंप लागत नाही. पण दहा मीटर खाली उतरले की पाण्याचा दाब सुमारे एक किलोने वाढतो. साध्या तोट्या लावल्या तर खालची झाडे चिखलात आणि वरची तहानलेली. म्हणून दाब सांभाळणाऱ्या तोट्या घ्याव्या लागतात. झाडागणिक ताशी चार लिटरांची एक तोटी धरली, तरी हेक्टरास तासाला तेरा हजार लिटरांहून अधिक पाणी लागते. तेवढे पाणी झऱ्यात आहे काय, हे नळ्या विकणारा विचारीत नाही!

खताचे प्रकरण याहून नाजूक. जुन्या झाडास वयाच्या दर वर्षामागे ७० ग्रॅम नत्र, ३५ ग्रॅम स्फुरद, ७० ग्रॅम पालाश, आणि दहाव्या वर्षानंतर तोच हिशेब कायम. आमच्या वेतनश्रेणीसारखा सरळ! ठिबकात तेच खत पाण्यात विरघळवून हप्त्याहप्त्याने द्यावयाचे: नत्र वसंतात, फळ फुगू लागले की पालाश. नत्र उशिरा गेले तर फळास रंग येत नाही आणि ते टिकतही नाही. सहकाऱ्याच्या एका शेजाऱ्याने कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदयुक्त खत एकाच पिंपात कालवले; पांढरा साका धरला आणि ओळीच्या ओळी तुंबल्या. दोन्ही निरनिराळ्या दिवशी द्यावीत, खतानंतर नुसते पाणी सोडून नळ्या धुवाव्यात, थंडीपूर्वी त्या रित्या कराव्यात; नाहीतर पाणी गोठून फुटतात.

हे सारे आम्ही वृद्ध गृहस्थांस समजावून सांगितले. त्यांनी खालचे दोन डोंगरपट्टे लेकास दिले, वरची जुनी झाडे मात्र तोडू दिली नाहीत. मग हुक्का बाजूस सारून त्यांनी विचारले, "बाबूजी, तुमच्या केळीपाशी दिवसभर कोण असते?"

"आमचे थोरले बंधू," आम्ही म्हणालो.

वृद्धांनी लेकाकडे पाहिले. त्याची रजा सोमवारी संपत होती.