लगाम ओढून घोडा शिकत नाही

पारोळ्यात आमच्या घराला जुने लोक अजूनही 'टांगेवाल्यांचे घर' म्हणतात. दादाजान टांगा चालवत. टांगे बंद पडले तेव्हा अब्बांनी लग्नाच्या वरातीसाठी घोडी ठेवली. पुढे आम्ही शाळेत मास्तर झालो आणि धाकट्या भावाने तबेला सांभाळला. पण घर एक आणि चूलही एकच, म्हणून घोड्याचे बरेवाईट आम्हा सगळ्यांचेच असते.

दोन वर्षांपूर्वी घरची घोडी थकली. नवा घोडा घेणे भाग होते. भावाने नातेवाइकांकडून उसने पैसे घेतले, भावजयीने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. तापीकाठचे हे गाव शहादा तालुक्यात आहे. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ते धुळे जिल्ह्यात होते. दत्तजयंतीच्या सुमारास तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात. मारवाडी, काठियावाडी आणि पांढरेशुभ्र नुकरा घोडे रांगेने बांधलेले असतात. वरातीला लोकांना पांढरा घोडा लागतो, म्हणून आम्ही चार वर्षांचा एक नुकरा घेतला. घरातल्या मुलांनी त्याचे नाव बादल ठेवले.

हाताने धरून चालवला तर बादल बकरीसारखा गरीब. पण स्वार बसून दुडक्या चालीवर आला की मान ताठ करून सगळा भार लगामावर टाकायचा. भावाच्या खांद्यांना रग लागायची. उजव्या हाताला गोल फिरवला तर खांदा आत टाकून तिरका पडायचा. वेग वाढवायला टाच लावली की पाठ कमानीसारखी करून उसळी मारायचा. आठ दिवसांत भाऊ दोनदा पडला. दुसऱ्या वेळी मनगट सुजले.

वरातीच्या घोड्यावर एकटा नवरदेव बसत नाही, त्याच्या पुढ्यात लहानगा शहबालाही असतो. भोवती बँड, फटाके आणि नाचणारी पोरे. तिथे असा घोडा एकदा जरी उसळला तर काय होईल, या विचाराने अम्मींची झोप उडाली. इकडे लग्नसराईच्या चार तारखांची बोलणी होऊन बसली होती.

सल्ले पुष्कळ मिळाले. कोणी म्हणाले, दोन दिवस उपाशी ठेवा. कोणी म्हणाले, चाबकाने फोडून काढा, एकदाच मालक कोण ते कळू द्या. एकाने तर काटेरी लगामच आणून दिला. त्याची कडी जिभेवर आणि गालात रुतते. दुखले की घोडा थांबतो, असा त्यामागचा हिशेब. आपल्या देशात ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. त्यांत काटे किंवा अणकुचीदार टोके असलेला लगाम वापरायला मनाई आहे. आम्ही तो लगाम परत केला.

मग अम्मींनी आपल्या भावाला बोलावले. आमचे हे मामू तरुणपणी चाबूकस्वार होते, म्हणजे कोवळ्या घोड्यांना स्वारी शिकवण्याचे काम करत. ते आले, पण घोड्यावर बसले नाहीत. अर्धा तास त्याच्याभोवती फिरत राहिले. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटे दाबत गेले. खोगिराची मागची कड जिथे टेकते तिथे बोट लागताच बादलने कातडी थरथरवली आणि कान मागे पाडले. मामू भावाला म्हणाले, "बेटा, हा मस्ती करत नाही, तक्रार करतोय. आधी याचे ऐकून घे."

खोगीर अब्बांच्या वेळचे, जुन्या घोडीच्या रुंद पाठीला बसणारे. बादलच्या अरुंद पाठीवर ते मधोमध टेकत होते आणि तंग आवळला की मागून रुतत होते. मग पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना तोंड दाखवले. घोड्याचे दुधाचे दात साधारण अडीच वर्षांपासून पडू लागतात आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत दात बदलण्याचे काम चालते. याच वयात आपण त्याच्या तोंडात लोखंड घालतो. बादलची एक दाढ बदलत होती आणि बाकीच्या दाढांच्या कडा गालाला घासत होत्या. डॉक्टरांनी कानस लावून त्या गुळगुळीत केल्या आणि तीन आठवडे पाठीवर कोणी बसायचे नाही असे बजावले.

तिसरी गोष्ट तोबऱ्यात होती. विकत घेतलेला घोडा अंगाने भरावा म्हणून त्याला रोज भरपूर हरभरा मिळत होता, आणि काम मात्र नव्हते. दाणा जास्त आणि काम कमी असले की तरणा घोडा उसळणारच. दाणा निम्मा केला, कडबा आणि हिरवा चारा वाढवला. आगाडी-पिछाडी सोडून त्याला रोज दोन तास मोकळे ठेवू लागलो.

या तीन आठवड्यांत चारही तारखा दुसऱ्या घोडेवाल्यांकडे गेल्या. उसने घेतलेल्यांना तोंड दाखवणे जड झाले. भाऊ रात्री जेवताना बोलत नसे. पण त्याने खोगीर घातले नाही.

दुखणे गेल्यावर शिकवणे सुरू झाले. आधी लांब दोरीवर गोल फिरवणे. मामू त्याला 'कावा देणे' म्हणतात. दोन्ही हातांना सारखेच फिरवायचे, कारण घोड्यालाही एक बाजू सोपी आणि एक अवघड असते. मग पाठीवर नवे नमद्याचे खोगीर आणि फक्त दहा मिनिटे स्वारी.

लगामावर भार का टाकतो, हे मामूंनी समजावले. नुसत्या उभ्या घोड्याच्या अंगाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. स्वार बसला की तोल आणखी पुढे जातो. कोवळ्या घोड्याला तो सावरता येत नाही, म्हणून तो आधार शोधतो. आपण ओढून धरले की त्याला टेकू मिळतो आणि तो आणखी रेलतो. माणूस ओढण्यात घोड्याला कधी हरवू शकत नाही. म्हणून लगाम क्षणभर धरायचा आणि त्याने मान हलकी केली की त्याच क्षणी सोडायचा. दहा पावले दुडकी, मग चाल, मग थांबणे, पुन्हा दुडकी. असे वारंवार केले की मागचे पाय अंगाखाली येतात आणि पुढचा भार हलका होतो.

उसळीचेही तसेच. उसळायला घोड्याला डोके खाली घालावे लागते. पाठ फुगताना जाणवली की दोन्ही लगाम आवळायचे नाहीत. एकच लगाम वर घेऊन मान बाजूला वळवायची आणि पायाने पुढे चालवायचे. उसळला म्हणून लगेच उतरायचेही नाही, नाहीतर उसळले की सुट्टी होते असे तो शिकतो. आणि नीट चालला की तिथेच थांबून पाठ थोपटायची.

हे ऐकताना आम्हाला सहीह मुस्लिममधली हदीस आठवली. हजरत आयेशा (रजि.) एका अडेल उंटावर बसल्या होत्या आणि त्याला मागेपुढे करत होत्या. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना नरमाईने वागण्यास सांगितले आणि नरमाई ज्या गोष्टीत असते तिला शोभा आणते, हे समजावले. आम्ही ही हदीस वर्गात कितीतरी वेळा सांगितली आहे. ती अडेल जनावराच्या पाठीवरून सुरू झाली, याचा अर्थ तबेल्यात उभे राहून अधिक कळला. नरमाई म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. बादल रोज शिकत होता आणि रोज त्याच्याकडून काम घेतले जात होते. फक्त त्याला न दुखवता.

बँडची सवयही हळूहळू लावली. आधी लांबून ताशा, दाणा खाताना. मग रोज थोडा जवळ. रमजान ईदनंतर बादल पहिल्या वरातीला उभा राहिला. भाऊ पूर्ण वेळ तोंडाशी चालला. तासाभराचे अंतर त्याने पार पाडले, अल्हमदुलिल्लाह.

अजूनही दमला की बादल उजवीकडे रेलतो. भिंती हादरवणाऱ्या डीजेसमोर भाऊ त्याला नेत नाही, पैसे जास्त मिळत असले तरी. उसने अर्धे फिटले आहेत, पाटल्या अजून व्हायच्या आहेत. खानदेशात आपल्या कितीतरी घरांची रोजी घोड्यावर चालते. त्यांना एवढेच सांगणे आहे. घोडा उसळू किंवा रेलू लागला तर चाबूक शोधण्याआधी खोगिराखाली हात घाला, तोंड उघडून दात पाहा आणि तोबऱ्यात किती दाणा जातो ते मोजा. बोलता न येणाऱ्याला आपले दुखणे दुसऱ्या कशाने सांगता येत नाही.