बुडीत धंदा!

‘तू जालन्याचा? आणि डायव्हिंगच्या टूर्स नेतोस?’

पुण्यात गेली बारा वर्षं हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की व्हिजिटिंग कार्डाच्या मागेच उत्तर छापून घ्यावं असं वाटायचं. हो बाबा, जालन्याचाच. स्टीलच्या सळया, बियाणं, मोसंबी आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, तेच जालना. गावातली जुनी माणसं अजून ‘जालना सोने का पालना’ म्हणतात, तेव्हा पाळण्यात सोनं असेल, पाणी नव्हतं एवढं नक्की. आमच्या घरापासून मालवणचा समुद्र रस्त्यानं सहाशेहून जास्त किलोमीटर. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, अलिबागला. आणि तोही ओहोटीला!

पण पाण्याखाली जायला समुद्रच लागतो असं कुणी सांगितलं? अंबड रोडवरच्या काकांच्या शेतात विहीर आहे. दगडी बांधकाम, पन्नासेक फूट खोल. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला पहिल्यांदा त्यातच ढकललं होतं. मग डबा सुटला, मग सूर, मग मुटका, मग तळाची बादली वर आणायची पैज. कान दुखायला लागले की नाक दाबून फुंकायचं, हे मला एका सालगड्यानं शिकवलं. पुढं स्कूबाच्या कोर्समध्ये इन्स्ट्रक्टरनं तीच गोष्ट ‘इक्वलायझेशन’ म्हणून शिकवली आणि फी घेतली.

तर यंदा दिवाळीनंतर मी त्याच विहिरीवर परत आलो. टेम्पो घेऊन. टेम्पोत अकरा वेटसूट, सहा कॉम्पॅक्ट कॅमेरे, त्यांची हाउसिंग्ज, स्ट्रोब, ट्रे, आर्म्स आणि कोथरूडच्या ऑफिसातली खुर्ची. ऑफिस सोडलं. धंदा बंद नाही केलाय, आवरता घेतलाय. यातला फरक अण्णांना समजावायला मला एक अख्खं जेवण लागलं.

सुरुवात २०१३ ची. तेच वर्ष, जेव्हा जालन्यात दुष्काळानं घाणेवाडीचा निजामकाळातला तलाव कोरडा पडला होता आणि लोक त्यातला गाळ उपसत होते. घरी पाण्याची मारामार आणि मी पुण्यात बसून आठ जणांना मालवणला पाण्याखाली न्यायची जाहिरात करतोय! लाज वाटली होती थोडी. पण आयटीतली आठ पोरंपोरी आली, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर आम्ही बुड्या मारल्या आणि परत येताना सगळ्यांची एकच तक्रार, ‘फोटो हिरवे का आले?’

त्या तक्रारीवर माझा धंदा उभा राहिला. कारण सोपं आहे. पाणी लाल रंग सगळ्यात आधी पिऊन टाकतं. चार-पाच मीटर खाली गेलात की तुमचा लाल टी-शर्ट मळकट तपकिरी दिसतो. रंग परत आणायचा तर स्वतःचा प्रकाश घेऊन जायला हवा, म्हणजे स्ट्रोब. आणि स्ट्रोब लेन्सला चिकटून लावलात तर पाण्यातला प्रत्येक कण चमकतो, फोटोत बर्फ पडल्यासारखा दिसतो. म्हणून दिवे लांब, हात पसरल्यासारखे लावायचे. मालवणला पाणी गढूळ असतं, तिथं हे शिकलात तर अंदमानात बादशहा! २०१५ मध्ये तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, तेव्हापासून मराठी मुलांना कोर्ससाठी थायलंडला जायची गरज उरली नाही. मी तिथं शिकून बाहेर पडलेल्यांना कॅमेरा शिकवायचो. बास, एवढंच. कंप्रेसर नाही, बोट नाही, कॅमेरे भाड्यानं आणि सोबत मी.

२०१९ मध्ये वर्षाला अकरा ट्रिप्स झाल्या. मार्च २०२० मध्ये शून्य. तो भाग तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, मी लांबवत नाही. अॅडव्हान्स परत करताना एफडी मोडली. मग २०२२ मध्ये लोक असे सुटले की विचारू नका. सहाच्या ग्रुपसाठी चौदा जण पैसे भरायला तयार. मी घेतले चौदा. का नाही घेणार?

जानेवारी २०२३, स्वराज द्वीप. २०१८ पर्यंतचं हॅवलॉक हो. पाणी स्वच्छ, चौदा डायव्हर्स, स्थानिक डाइव्हमास्टर्स आणि मी. मला एका खडकावर नखाएवढी न्युडिब्रँक दिसली. समुद्री गोगलगाय, पण शंख नसलेली आणि साडीच्या काठासारखी रंगीत. मी लेन्स लावून तिच्यासमोर पसरलो. किती वेळ? मला वाटलं दोन मिनिटं. कॅमेऱ्यातल्या फोटोंवरची वेळ नंतर बघितली, तर नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत माझ्या गटातल्या एकाची हवा संपत आली होती. दोनशे बारनं सिलिंडर सुरू होतो, पन्नासला वर यायचं असतं, त्याच्या गेजवर तीस. तोही फोटोच काढत होता, गेज बघायचं विसरला. मीच शिकवलं होतं ना, ‘विषय सोडू नका’! स्थानिक डाइव्हमास्टरनं त्याला स्वतःचा ऑक्टोपस दिला, म्हणजे जादाचं रेग्युलेटर, आणि सावकाश वर नेलं. तो नीट आहे. संध्याकाळी मासे खात हसत होता. मी नाही हसलो. त्याच डाइव्हमध्ये आमच्यापैकी कुणीतरी गुडघा टेकवून प्रवाळाची एक फांदी मोडली होती, ती मला फोटोच्या बॅकग्राउंडला सापडली. माझ्याच फोटोत.

त्यानंतरही मी दीड वर्ष मोठे ग्रुप नेले. खोटं कशाला बोलू?

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं जगभरातली चौथी प्रवाळ ब्लीचिंगची लाट जाहीर केली. त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगात राहणारं शेवाळ बाहेर टाकतात आणि हाडासारखे पांढरे दिसतात. लगेच मरत नाहीत, पण पाणी लवकर निवलं नाही तर उपाशी मरतात. अंदमाननं हे २०१० आणि २०१६ मध्येही भोगलंय. गंमत अशी की पांढरं प्रवाळ फोटोत सुंदर दिसतं! माझ्या एका क्लायंटनं विचारलं, ‘अशी व्हाइट थीमवाली ट्रिप करता येईल का?’ मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा हिशेबाची वही काढली.

वही म्हणजे खरं तर स्प्रेडशीट, आणि ती माझ्या आधीच तयार होती. आमचं सगळं बुकिंग, विमानांचं वजन, कुणाचं शाकाहारी, कुणाचा दम्याचा इतिहास, हे बघणारी एकच मुलगी ऑफिसात होती. आठ वर्षं. कर्वे रोडवरच्या एका कॉफी शॉपमध्ये तिला सांगायला बसलो की आता परवडत नाही, तर तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. चौदा जणांच्या ट्रिपला दुसरी बोट, जादाचे गाईड, डोक्यावरचं लगेज, आणि प्रत्येक वेळी एक तरी हाउसिंग पाण्यानं भरणार. सहा जणांच्या ट्रिपला हातात जवळपास तेवढेच पैसे उरत होते. ‘सर, तुम्ही वर्षभर फुकट धावलात,’ ती म्हणाली. आणि मग, ‘सहाच जण असतील तर माझी गरज नाही.’ मी जे बोलायला आलो होतो ते तिनंच बोलून टाकलं. तीन महिन्यांचा पगार दिला. तिला दुसरी नोकरी लागायला पाच महिने लागले, हे मला नंतर कळलं.

आता वर्षाला तीन ट्रिप्स. डिसेंबरात मालवण, फेब्रुवारीत अंदमान, आणि जमलं तर कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट. सहा माणसं, दोन गाईड. पहिल्या दिवशी कॅमेरे हॉटेलवर! आधी पाण्यात न हलता तरंगून दाखवा, मग कॅमेरा मिळेल. यावर दोन बुकिंग्ज कॅन्सल झाली. होऊ देत.

राहिलं सामान विकायचं. त्यासाठी विहीर.

हाउसिंग विकण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी लागते. आत कॅमेरा ठेवायचा नाही, टिश्यू पेपर ठेवायचा. रबराच्या ओ-रिंगवरून बोट फिरवायचं, एखादा केस किंवा वाळूचा कण असेल तर काढायचा, सिलिकॉन ग्रीस लावायचं, बंद करायचं आणि दगड बांधून खाली सोडायचं. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, पुण्यातल्या बादलीत तो कुठून आणणार? यंदा सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि विहीर काठोकाठ भरली. पाणी निवळून शेवाळी हिरवं झालं होतं. थेट मालवण!

काका धावेवर येऊन बसले. त्यांचं सोयाबीन त्याच पावसात सडलं होतं. बांधावर काळ्या पडलेल्या शेंगांचा ढीग अजून होता.

‘लेका, माह्या विहिरीत काय बुडवायलास?’

‘धंदा,’ मी म्हणालो.

‘बुडू दे. माहाबी बुडला.’ मग थोडं थांबून, ‘पुण्याचं घर तरी ठेवलंस ना?’

ठेवलंय म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि दोर धरायला आले. मी ‘आवरता घेतला’ म्हणून इतके दिवस तोंड पाडून हिंडत होतो. सोयाबीन आवरतं घ्यायची सोय त्यांना नव्हती.

सकाळी आईच्या आग्रहानं अंबडला मत्स्योदरीच्या दर्शनाला गेलो होतो. अंबडची ही देवी ज्या टेकडीवर बसलीय ती टेकडी माशाच्या आकाराची, म्हणून नाव मत्स्योदरी. लहानपणी दर नवरात्रात गेलोय, पण समुद्राचा मागमूस नसलेल्या या मुलखात माशाच्या पोटात देवी कशी, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. यंदा पायऱ्यांवर उभं राहून मी चक्क टेकडीची शेपटी कुठली आणि डोकं कुठलं ते शोधत होतो. आई म्हणाली, ‘नमस्कार कर आधी, फोटो नंतर.’ पहिल्या दिवशी कॅमेरे हॉटेलवर, तसंच की!

दुपारपर्यंत सहाही हाउसिंग्ज एकेक करून खाली गेली, प्रत्येकी वीस मिनिटं. चुलतभावाची नऊ वर्षांची पोरगी घड्याळ लावायचं काम करत होती. मध्येच तिनं माझा मास्क लावून काठावरच्या पायरीवरून तोंड पाण्यात घातलं आणि ओरडली, ‘कासव!’ मी स्ट्रोब पाण्यात धरून एकदा उडवला. हिरव्या अंधारात दगडांचे सांधे क्षणभर लखलखले, कासवाचा मात्र पत्ता नव्हता. तिनं दहा वेळा परत उडवायला लावला. बॅटरी संपली तेव्हा म्हणाली, ‘तुमच्या समुद्रात पण असंच असतं का?’ बरंचसं असंच असतं, म्हटलं.

मग टॉवेलवर हाउसिंग्ज उघडली. पाचांमधले टिश्यू कोरडे. त्यातल्या चारांना गिऱ्हाईक ठरलंय. सहाव्यातला कोपरा ओला, नखाएवढा. डोळ्यांनी ओ-रिंगमध्ये काहीच दिसत नव्हतं. घेणारा मुलगा कॉलेजातला आहे, पहिला कॅमेरा घेतोय, त्याला कळलंही नसतं. मी चिकटपट्टीचा तुकडा कापला, त्यावर ‘लीक, विकू नये’ लिहिलं, हाउसिंगवर चिकटवलं आणि पोरीच्या हातात दिलं. तिनं त्यात तिचे कंचे भरले.