ताईचा आकाशकंदील

आकाशकंदील करणे मला आजही जमत नाही. तरी साठ वर्षांपूर्वी आमच्या चाळीतल्या आकाशकंदिलांच्या स्पर्धेत पहिला आलो तो मीच! आता खरे सांगायला हरकत नाही. कामट्या तासल्या ताईने, खळ शिजवली ताईने, झिरमिळ्याही तिनेच कातरल्या. मी स्टुलावर चढून कंदील टांगला, इतकेच. परीक्षक आले तेव्हा ताई आत चकल्या तळत होती आणि मी दारात उभा होतो. जो दारात उभा, त्याचे नाव कागदावर! बक्षिसाचे फाउंटन पेन मी मॅट्रिकपर्यंत ऐटीत मिरवले.

परवा क्लारा ड्रिस्कॉलची हकीकत वाचली आणि ते पेन मला टोचू लागले. न्यूयॉर्कच्या टिफनी स्टुडिओचे रंगीत काचांचे दिवे तुम्ही चित्रांत तरी पाहिले असतील. निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस लोंबावेत तसा त्यांतला 'विस्टेरिया' दिवा. त्याच्या एका छत्रीत काचेचे सुमारे २,००० तुकडे! प्रत्येकाच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी लावून, डाग देऊन जोडलेले. ही सारी कल्पकता मालक लुई टिफनी यांची, असेच जग समजत होते. पण क्लाराने आईला आणि बहिणींना लिहिलेली पत्रे अभ्यासकांच्या हाती लागली आणि २००७ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या प्रदर्शनातून उलगडा झाला. विस्टेरिया काय, चतुराचा दिवा काय, आराखडे तिचे होते! काचा निवडणाऱ्या आणि कापणाऱ्या बायकांच्या विभागाची ती प्रमुख. लग्न झाले की बाईने काम सोडायचे, असा तिथला दंडक. दुसऱ्या लग्नाच्या वेळी तिनेही ते सोडले. १९४४ साली ती वारली. दिव्यांवर नाव टिफनींचेच राहिले.

रात्री ताईला फोन केला आणि साठ वर्षांचा कबुलीजबाब एका दमात देऊन टाकला. ती खळखळून हसली.

"अरे, पेनाचं काय घेऊन बसलास? त्या कंदिलाची मागची एक कामटी आखूड पडली होती. वरून सोनेरी कागद डकवून मी ती लपवली. कुणाला दिसली तर, म्हणून चार दिवस नुसती धाकधूक!"

तो कंदील मी रोज खाली उतरवीत होतो, रोज वर चढवीत होतो. मला ती कामटी कधी दिसलीच नव्हती.